अंतराळनाथांचं मातीचं यान

चंद्रपूरकडच्या चेक बेलतुकुम गावी, तलावाच्या बांधाखाली त्या दुपारी जेवढी माणसं जमली होती, तेवढी मतदानालाही कधी जमली नव्हती. मतदानाला निदान गाडी पाठवावी लागते. इथे लोक पोंभुर्ण्याकडून आपापल्या बंड्या जुंपून आले होते, एसटीच्या टपावर बसून आले होते. एक इंजिनियरसाहेब तर ऊर्जानगरहून स्कूटरवर, मागे बायको आणि पुढे नारळांची पिशवी घेऊन आले होते. सगळ्यांचे डोळे तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला टेकलेल्या एका मातीच्या खोपीवर होते. खोपीला दार दिसत नव्हतं. दार होतं, पण पंधरवड्यापूर्वी ते बाहेरून लिपून टाकलं होतं, आणि आत अंतराळनाथ महाराज बसले होते.

खोपीला खोपी म्हटलेलं महाराजांचा चेला बाबुलाल याला खपत नसे. तिचं नाव ‘यान’.

त्याच साली आपला एक माणूस रशियाच्या यानात बसून आकाशात जाऊन आला होता. ती बातमी रेडिओवरून गावात पोचली आणि पानठेल्यावर चर्चा सुरू झाली. वर हवा नाही म्हणतात, मग तो श्वास कशाचा घेत होता? वर विहीर नाही, तलाव नाही, मग पीत काय होता? प्रश्न एक नंबर होते. अडचण एवढीच झाली, की उत्तर घेऊन गावात पहिला पोचला तो बाबुलाल.

बाबुलालने खांद्यावर भोंगा घेऊन सांगितलं, की रशियावाल्यांनी ही विद्या आपल्याच ऋषींच्या पोथ्यांतून चोरली आहे, पण चोरताना घाई झाल्यामुळे अर्धीच हाती लागली. म्हणून त्यांना लोखंड लागतं, नळ्या लागतात, मशिनी लागतात. पूर्ण विद्या अंतराळनाथांकडे आहे. त्यांना फक्त एक तुळस लागते. महाराजांनी श्वास सोडला की तुळस घेते, तुळशीने सोडला की महाराज घेतात. महाराजांचा घाम तुळस पिते, तुळशीचं दव महाराज पितात. ना अन्न, ना पाणी, ना बाहेरची हवा. “एकदम बंद डब्बा, भाऊ. मुंगी भी अंदर नाई जाऊ शकत.”

यान बंद करताना बाबुलालने उलटे आकडे मोजले होते. दहा, नऊ, आठ करत करत तो चारवर आला, तेवढ्यात गर्दीतल्या कोणाची तरी शेळी फुलांच्या हारात घुसली. तिला हाकलण्याच्या गडबडीत तीन आणि दोन राहूनच गेले, पण यान काही त्यावाचून अडलं नाही. कुठे जायचंच नव्हतं त्याला.

आणि बंद कोणी केलं, तर गावानेच. तिथेच खरी गोम होती. महाराजांनी आज्ञा दिली होती, की यानाच्या भिंतीला घराघरातल्या बाईचा हात लागला पाहिजे. मग पाच गावच्या बायांनी शेणमातीचे गोळे आणून ती खोपी आतून-बाहेरून अशी लिपली, की पाहणाऱ्याला तिच्यात सुई खुपसायला जागा दिसू नये. त्यामुळे पुढे कोणी शंका काढली, की तिला एकच उत्तर मिळायचं: आमच्या बायांनी लिपलं आहे, भोक राहील कुठून? महाराजांवर शंका घेता येते, पण स्वतःच्या बायकोच्या लिपणावर शंका घेऊन घरी जेवायला कोण जाईल?

जमिनीला मात्र कोणी हात लावला नव्हता. जमीन ही माता, तिला मूठभर माती लावणारे तुम्ही कोण, असं महाराज म्हणाले होते, आणि त्या मातेवर त्यांनी एक चितळाचं कातडं अंथरलं होतं. डोक्यावर सरपणाचा भारा दिसला तर बाईला तासभर उन्हात उभी करणारा फॉरेस्ट गार्ड त्या कातड्याला हात जोडून गेला होता.

तर आज यान उतरायचं होतं. गर्दीत पुढे, खांद्यावर लेक घेऊन, इस्तारी उभा होता. इस्तारी ढिवर होता, याच तलावात जाळं टाकणारा. लेकीचं नाव मैना. वय खांद्यावर बसण्याचं नव्हतं, पण चालली की तिला धाप लागायची. थंडीच्या दिवसांत तिच्या छातीतून शिटी वाजायची आणि इस्तारी झोपेतही ती शिटी ऐकायचा. झाडपाला झाला होता, गंडा-दोरा झाला होता. चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यावं असं त्याची बायको गिरजा म्हणत होती, पण तेवढ्यात यान आलं.

दार फोडलं आणि महाराज बाहेर आले. पंधरवडा निव्वळ तुळशीच्या श्वासावर काढलेल्या त्या देहाकडे पाहून लोक स्तब्ध झाले. महाराज अंगाने भरले होते. बाबुलालने तत्काळ खुलासा केला, की हे तेज आहे. तेज गालांवर होतं, मानेवर होतं, आणि सगळ्यात जास्त पोटावर साठलं होतं. तुळस तेवढी पिवळी पडून मान टाकून बसली होती. बाबुलाल म्हणाला, तिने आपलं सर्वस्व महाराजांना दिलं. इंजिनियरसाहेबांनी डोळे पुसले.

महाराजांची नजर गर्दीवरून फिरत फिरत मैनेवर येऊन थांबली. त्यांनी तिच्या छातीवर बोट ठेवलं.

“हिच्या छातीत पृथ्वीची हवा सडली आहे. यानात सात दिवस ठेवा. आकाशाची हवा पिऊन पोरगी बाहेर येईल ती हरणासारखी पळत येईल.”

इस्तारी तिथेच पायावर पडला. गर्दीने जयजयकार केला. सोमवारी पोरीला यानात बसवायचं ठरलं.

*

शनिवारी संध्याकाळी मनकर्णाबाई इस्तारीच्या घरी आल्या. मनकर्णा मेश्राम ही शाळेतली विज्ञानाची मास्तरीण. चंद्रपुरात वाढलेली, बाप आता ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कामाला. बौद्ध दीक्षेच्या साली घरातल्या देव्हाऱ्याबरोबर गंडे-दोरेही उतरले, ते घरात परत आले नाहीत. मैना बाईंच्याच वर्गात होती. बाई ओट्यावर बसल्या, चहाला हो म्हणाल्या, आणि चहा येण्याआधीच मुद्द्यावर आल्या.

त्या म्हणाल्या, की बाबुलाल बोलतो त्यात एक गोष्ट खरी आहे. आपण सोडलेली हवा झाड घेतं आणि आपल्याला लागणारी हवा सोडतं. रशियातल्या शास्त्रज्ञांनी बंद खोल्यांत माणसं ठेवून हेच करून पाहिलं आहे. पण त्यांना माणसांबरोबर खोलीभर गहू पेरावा लागला, शेवाळ वाढवावं लागलं, आणि त्याला दिवसरात्र सूर्यासारखे दिवे लावावे लागले. कारण झाड हे काम उजेडात करतं. अंधारात ते आपल्यासारखंच श्वास घेतं. अंधाऱ्या खोपीत ठेवलेली तुळस महाराजांना हवा देणारी नव्हती, उलट वाटेकरी होती.

इस्तारीने सगळं ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, “बाई, तुमी शिकल्या-सवरल्या. पण मले एक सांगा. हवा नोहोती, तं तो पंधरा दिवस जगला कसा? मेला काऊन नाई?”

“हेच तर मी विचारत आहे, इस्तारीभाऊ. मरायला पाहिजे होता. मेला नाही, म्हणजे हवा येत होती.”

“कुठून येईन?” गिरजा आतून म्हणाली. “माया हातानं लिपलं मी. भोक असतं तं दिसलं नसतं का मले?”

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी इस्तारीला विचारलं, की मासोळीचं बीज आणता तेव्हा प्लास्टिकच्या पिशवीत काय भरून देतात? इस्तारी म्हणाला, पाणी भरतात, आणि वर सिलिंडरमधली हवा. पिशवीत पाणवेल टाकली आणि तोंड बांधलं तर चालेल का? इस्तारी हसला. पाणवेल टाका नाहीतर कमळ टाका. एसटी वाटेत बंद पडून उशीर झाला, की पिशवी सोडताना पांढरी पोटं वर आलेली दिसतात. हे त्याने स्वतः पाहिलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा.

बोलता बोलता त्याने खाटेकडे पाहिलं. मैना तिथे झोपली होती. तिच्या छातीतली शिटी बारीक आवाजात वाजत होती.

“पण महाराजाले खोटा कसा म्हणू?” तो हळूच म्हणाला. “अन् खरा असला तं? पोरीचा रोग जाऊन राह्यला अन् मीच आडवा आलो, असं झालं तं?”

बापाच्या भीतीला गणित लागू पडत नाही. बाईंनी भलताच विषय काढला. धानाच्या बांधीतली घूस कशी काढता?

“कशी म्हंजे? एका बिळात मिरचीचा धूर कोंबाचा. दुसरं बीळ जिथी असंन तिथून धूर निघते. तिथी काठी घेऊन बसाचं.”

“आणि दुसरं बीळ नसेल तर?”

“तं धूर जागचा हालत नाई.”

चुलीपाशी बसलेल्या गिरजाने मान वर केली. ती इस्तारीपेक्षा दोन पावलं पुढे निघून गेली होती. म्हणाली, लेकीला एवढ्या मोठ्या प्रवासाला धाडायचं तर तिची दृष्ट काढावी लागेल. मीठ, मोहरी आणि मिरच्या. मिरच्या जरा जास्तच. आणि यानाचीसुद्धा दृष्ट काढावी लागेल, एवढ्या गर्दीची नजर लागली आहे त्याला.

दृष्ट हा शब्द ऐकला की एरवी मनकर्णाबाईंच्या कपाळावर आठी पडायची. त्या दिवशी त्या म्हणाल्या, “काढाच बाई. चांगली कडक काढा.”

*

सोमवारी गर्दी आणखी वाढली होती. मैनेला नवा फ्रॉक घातला होता, कपाळाला अबीर लावला होता. यानात ताजी तुळस ठेवली होती. बाबुलालचा भोंगा सकाळपासून घसा फाडत होता, की आज विश्वात पहिल्यांदा एक बालिका विनामशीन आकाशाची हवा घेणार आहे. मुहूर्त जवळ आला तशी गिरजा विस्तवाने भरलेलं मडकं घेऊन पुढे झाली.

बाबुलाल आडवा आला. ये सब नाई चालणार, यानात अशुद्ध धूर नाई पायजे, म्हणाला. गिरजा म्हणाली, मायनं लेकराची दृष्ट काढली तर अशुद्ध कशी? ते ऐकताच पाच गावच्या बाया एकदम बोलायला लागल्या. या बायांनीच ते यान लिपलं होतं. त्या उठून गेल्या असत्या तर यान खोपीच राहिलं असतं. महाराजांनी हवा ओळखली. शिवाय स्वतः रोज दहा-वीस जणांची दृष्ट काढणारा माणूस दृष्टीला अंधश्रद्धा म्हणणार कोणत्या तोंडाने? मातृहृदय आहे, करू द्या, असं ते उदारपणे म्हणाले.

गिरजाने मैनेला बाहेर बायांपाशीच उभं केलं, मडकं यानात ठेवलं आणि ओंजळभर मिरच्या त्यात टाकल्या. मग तिने बाहेर येऊन दार ओढलं. आणि धुरी कोंडल्याशिवाय दृष्ट उतरत नाही म्हणत चार बायांनी बघता बघता दाराच्या फटी लिपून टाकल्या. महाराज आणि बाबुलाल यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे कार्यक्रमात नव्हतं.

सगळी गर्दी यानाकडे पाहत होती. मनकर्णाबाई मात्र यानाकडे पाठ करून उभ्या होत्या. भिंतींना भोक नव्हतं, हे त्यांनी गिरजावर विश्वास ठेवून मान्य केलं होतं. राहिली होती जमीन. आणि जमिनीतून निघालेला धूर कुठे वर येतो, ते त्या शोधत होत्या.

खोपीपासून वीसेक हातांवर, पाळीच्या पायथ्याशी, बेशरमीच्या झाडांची दाट जाळी होती. तिच्याआड जुनं तुडुम होतं, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायची मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या काळातली दगडी मोरी. सरकारने नवं गेट बसवलं तेव्हा तलावाकडचं तिचं तोंड बुजवलं, पण पाळीच्या पोटातली मोरी तशीच कोरडी राहिली. तिकडे कोणी फिरकत नसे. तलाव बांधताना पाळ टिकेना म्हणून मालगुजाराने तिथे एक बाई पुरली आणि तिची जखीण झाली, असं जुनी माणसं सांगत. मालगुजाराने बाई पुरली असेल-नसेल, पण तिच्या गोष्टीने बाबुलालची सोय मात्र उत्तम केली होती.

बाबुलालला एकाएकी लघवी लागली. तो बेशरमीच्या दिशेने निघाला, पण त्याच्याआधी धूर निघाला. पानांमधून पांढरा लोट वर चढला, आणि त्या लोटाच्या मुळाशी कोणीतरी आतडी बाहेर येतील असं खोकायला लागलं.

गर्दी मागे सरकली. म्हातारी ठमाबाई हात जोडून म्हणाली, “जखीण खोकलून राह्यली, बाप्पा.”

“खोकू दे,” इस्तारी म्हणाला, आणि काठी घेऊन जाळीत घुसला.

जखिणीची भीती त्यालाही लहानपणापासून होती. पण घुशीसाठी धूर केला की दुसऱ्या बिळाशी जाऊन उभं राहायचं असतं, हे त्याच्या हाडात भिनलं होतं. थोड्याच वेळात त्याने मोरीच्या तोंडातून एक माणूस ओढून काढला. डोळे लाल, नाकातून पाण्याच्या धारा, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत ओल्या चिखलाने माखलेले. तो मुखरू होता, बाबुलालचा मेव्हणा. पंधरवडाभर रोज तो इस्तारीकडून ताजी मरळ घेऊन जात होता, घरी आजारी माणूस आहे म्हणून.

धूर ओसरल्यावर मनकर्णाबाई मोरीत कंदील घेऊन शिरल्या, आणि एक एक वस्तू बाहेर यायला लागली. सायकलच्या दुकानातला पायाने मारायचा पंप आणि त्याला जोडलेली लांब रबरी नळी. दुधाची बरणी. भाताचा डबा. मरळीचे काटे, भरपूर. आणि एक झाकण लावलेलं मडकं, जे उघडायची सगळ्यांनी बाईंना मनाई केली, कारण वासावरूनच कळत होतं, की यानात येणारं जसं येत होतं तसं जाणारंही जात होतं. मोरीच्या छताला, बरोबर यानाच्या खाली, हात आत जाईल एवढं भोक पाडलेलं होतं. वर चितळाचं कातडं. नवं गेट बसलं तेव्हा बाबुलाल ठेकेदाराचा मुकादम होता, त्याला ही मोरी तेव्हापासून ठाऊक होती, असं मुखरूने न विचारताच सांगून टाकलं. मिरचीच्या धुरात माणूस प्रामाणिक होतो.

लोक हसायला लागले. कोणी तेजाबद्दल बोललं, कोणी मरळीच्या काट्यांना नमस्कार केला. इंजिनियरसाहेब नारळांची पिशवी परत स्कूटरला अडकवत होते. एवढ्यावर संपलं असतं तर ती नुसती करमणूक झाली असती. पण इस्तारी हसत नव्हता. तो मुखरूच्या हातांकडे पाहत होता.

“हा चिखल कायचा?” त्याने विचारलं.

मुखरूने हात पाठीमागे लपवले.

“सांग. आज कोनाले हवा देऊन राह्यला होता? महाराज तं बाहेर आहे.”

“देऊन नोहोतो राह्यलो,” मुखरू खाली मान घालून म्हणाला. “बुजवून राह्यलो होतो. पोरीनं कातडं उचललं, भोक पाह्यलं, तं ते बाहेर येऊन सांगन. म्हून भोक बंद कराले सांगतलं मले.”

हसणं थांबलं.

“मंग पोरगी श्वास कायनं घेतली असती?”

“ते मी इचारलं नाई, भाऊ.”

गिरजाने मैनेला उचलून पोटाशी धरलं. इस्तारीच्या हातातली काठी वर गेली, आणि मनकर्णाबाईंनी ती धरली. काठीने फक्त डोकं फुटेल, म्हणाल्या, विद्या तशीच राहील आणि पुढच्या गावाला जाईल. इस्तारीने काठी टाकली. तो महाराजांसमोर गेला आणि त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या पायांऐवजी डोळ्यांत पाहिलं.

“भोक मुखरूनं अर्धं बुजवलंच आहे. बाकीचं मी बुजवतो. तुळस ठेवली आहे. बसा, महाराज.”

महाराज म्हणाले, आज ग्रहमान अनुकूल नाही.

“पोरीले चालत होतं ते ग्रहमान?”

महाराज म्हणाले, विद्या कोपेल. मग म्हणाले, आपल्याला दम लागतो. शेवटी ते खाली बसले आणि पाच गावच्या देखत कबूल करून गेले, की भोक नसलेल्या बंद खोपीत ते तासभरही राहू शकत नाहीत, लहानपणापासून त्यांचा जीव कोंडतो. पोलीस पाटलाने तिघांनाही बंडीत बसवलं. बंडी चारी बाजूंनी उघडी होती, त्यामुळे महाराजांची तक्रार नव्हती.

मनकर्णाबाईंना भाषण येत नव्हतं. त्या यानाच्या दारापाशी उभ्या राहून वर्गात बोलतात तेवढ्याच आवाजात बोलल्या. म्हणाल्या, “माणूस आकाशात जगू शकतो, हे खोटं नाही. पण तिथे किती हवा आहे, ती कशातून येते, कुठे जाते, हे आधी तपासतात, हजारदा तपासतात, आणि मगच माणूस आत बसवतात. त्या लोकांना कोणीही काहीही विचारू शकतं. या महाराजांना पंधरा दिवसांत तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्न विचारला म्हणून देव रागावत नसतो, बाबांनो. रागावतो तो ज्याला काही लपवायचं आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने इस्तारी आणि गिरजा मैनेला घेऊन चंद्रपूरला गेले. डॉक्टरने नळी लावून तिची छाती ऐकली आणि स्पष्ट सांगितलं, की दमा एका दिवसात जाणार नाही. औषध रोज द्यावं लागेल, घरातल्या धुरापासून तिला दूर ठेवावं लागेल, आणि पोरगी हळूहळू सुधारेल. हरीणबिरीण काही ते बोलले नाहीत. इस्तारीला ते ऐकून आधी वाईट वाटलं. मग त्याने विचारलं, हे औषध छातीत जाऊन नेमकं करतं काय? डॉक्टरने गर्दी असूनही कागदावर फुफ्फुसाचं चित्र काढून त्याला समजावून सांगितलं.

मंडळी, बुवा ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नाही. जो तुमच्या प्रश्नाला उत्तर देतो, त्याच्याकडे जा. जो प्रश्नालाच पाप म्हणतो, त्याच्या दारात स्वतः खुशाल उभे राहा, तुमचा जीव तुमचा आहे. पण आपलं लेकरू त्याच्या हाती देऊ नका.